घोटा मुरगळला, पुढे काय?

स्पोर्ट्स वीकचं वेळापत्रक नोटीस बोर्डावर लागलं की आपल्या हॉस्टेलचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. सहा महिने कॉटखाली जर्नल्सच्या सोबतीला पडलेले बूट झटकून बाहेर निघतात. ज्याने सेमिस्टरभर रूम ते मेस यापलीकडे पाय हलवलेला नाही, तो एका संध्याकाळी व्हॉलीबॉल, कबड्डी, रिले आणि रस्सीखेच अशा चार ठिकाणी नाव देऊन येतो. आणि आठवडा संपला की सोमवारी लेक्चरला निम्मा वर्ग लंगडत येतो. सर विचारतात, “काय रे, युद्धावर गेला होतात का?” वर्ग हसतो. पण त्यातले दोन-तीन जण पुढचं वर्षभर लंगडतात, ते मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

मी डॉक्टर नाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तरी या विषयावर लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी मी आमच्या विंगच्या व्हॉलीबॉल टीमचा कॅप्टन होतो, आणि आमच्या लिफ्टरचा घोटा कायमचा नाजूक करून ठेवण्यात अर्धा वाटा माझा आहे.

झालं असं. बुधवारी लीगची मॅच होती. नेटवर ब्लॉकला त्याने उडी मारली. समोरचा स्मॅशर उतरला तेव्हा त्याचं पाऊल मधल्या रेषेच्या अलीकडे आलं होतं, आणि आमचा गडी नेमका त्या बुटावर उतरला. पाऊल आत वळलं. कट्ट्यावर बसवल्यावर जे व्हायचं ते झालं. एकाने स्प्रे मारला, दुसऱ्याने आयोडेक्स घेऊन खसाखसा चोळलं, तिसरा म्हणाला, “आमच्या गावाकडे एक जण झटका देऊन बसवतो, मी बघितलंय, करू का?” नशीब, त्याला कोणी करू दिलं नाही. रात्री हीटरवर पाणी तापवून बादलीत पाय सोडला. सकाळी घोटा टेनिस बॉलएवढा झालेला.

शुक्रवारी सेमीफायनल. तो म्हणाला, “बघू रे, चालतंय.” मी विचारायला हवं होतं, “कितपत चालतंय?” त्याऐवजी मी क्रेप बँडेज आवळलं, दोनदा स्प्रे मारला आणि त्याला मैदानात उतरवलं. दुसऱ्या सेटमध्ये तोच पाय पुन्हा वळला. यावेळी कोणी मध्येही आलं नव्हतं, नुसता बाजूला सरकताना वळला. सेमीफायनल आम्ही जिंकलो, फायनल हरलो. कॉलेजच्या टीमची निवड महिन्याभराने होती, तिला तो गेलाच नाही.

नंतर त्याच्याबरोबर फिजिओथेरपीला मी जायचो (बाईक माझी होती, आणि मनाला खातही होतं). तिथे बसून जे ऐकलं, आणि नंतर वाचलं, ते आपल्या भाषेत मांडतो.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाचा जॉब आठवतोय? मॉर्टाइज अँड टेनन. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी चूळ. आपला घोटा हा तोच जॉइंट आहे, आणि गंमत म्हणजे डॉक्टरसुद्धा त्या खाचेला मॉर्टाइजच म्हणतात. नडगीची दोन हाडं खाली येऊन खाच करतात आणि पावलाचं टॅलस नावाचं हाड त्यात बसतं. पण हे हाड पुढून रुंद आणि मागून निमुळतं असतं. पाऊल वर ओढलेलं असलं की रुंद भाग खाचेत येतो, जॉइंट घट्ट बसतो. पंजा खाली झुकला की निमुळता भाग येतो आणि जॉइंट ढिला पडतो. आपल्या टर्नरकडे असा जॉब नेला तर तो परत हातात देईल! उडीवरून आपण उतरतो ते पंजा खाली करूनच. म्हणजे जॉइंट सगळ्यात सैल असतो, नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा लोड येतो.

त्यात भर म्हणजे बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली लांब गेलेलं असतं. ते पाऊल बाहेर वळू देत नाही, पण आत वळायला आतल्या बाजूने तेवढी अडकाठी नसते. म्हणून दहातले बहुतेक घोटे आतच वळतात आणि ताण येतो तो बाहेरच्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर. मराठीत अस्थिबंध. आपण सरसकट ‘नस दुखावली’ म्हणतो, पण तिथे नस नसते, हा पट्टा असतो.

आता एस.ओ.एम. लॅबमधलं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन डोळ्यांसमोर आणा. माइल्ड स्टीलचा तुकडा ओढला की ग्राफ सुरुवातीपासून सरळ वर जातो. लिगामेंट ओढलं तर सुरुवातीला ग्राफ जवळजवळ आडवाच राहतो, कारण त्यातले कोलॅजनचे धागे मोकळे असताना लाटेसारखे चुरगळलेले असतात. आधी त्या चुण्या सरळ होतात, मग पट्टा ताठ होऊन खरा ताण घेतो, मग एकेक धागा तुटू लागतो, आणि शेवटी सगळाच तुटतो. काही धागे ताणले किंवा किरकोळ तुटले तर डॉक्टर त्याला ग्रेड एक म्हणतात, बरेचसे तुटले तर ग्रेड दोन, पूर्ण तुटला तर ग्रेड तीन. आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात उरकतं. पाय वळतोय हे कळून स्नायू सावरायला धावतात, तोपर्यंत काम तमाम झालेलं असतं.

स्टील आणि लिगामेंट यात एक मोठा फरक आहे. वाकलेलं स्टील आपोआप सरळ होत नाही, लिगामेंट मात्र सांधतं. पण कसं? पहिले काही दिवस सूज, मग काही आठवडे शरीर घाईघाईने, अस्ताव्यस्त धागे विणतं, आणि त्यानंतर अनेक महिने ते धागे नीट रांगेत लावण्याचं काम चालतं. ती रांग कोणत्या दिशेने लावायची हे त्या पट्ट्याला कशावरून कळतं? त्यावर येणाऱ्या लोडवरून. लोड शून्य ठेवला तर धागे गुंताडा होऊन बसतात. लोड फार लवकर, फार जास्त दिला तर नवे धागे तुटतात. मी लिफ्टरला बुधवारनंतर शुक्रवारी खेळवलं, तेव्हा तिथे धागे विणायला सुरुवातही झाली नव्हती. स्प्रेने फक्त फायर अलार्म बंद केला होता.

आता सगळ्यात आधीचा प्रश्न: हाड मोडलंय की नुसतं मुरगळलंय? यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली एक साधा नियम मांडला, आणि तो आज जगभर वापरला जातो. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जे टणक उंचवटे आहेत, त्यांचं खालचं टोक आणि मागची कडा, साधारण चार बोटं वरपर्यंत, अंगठ्याने दाबून बघायची. थेट हाडावर दाबल्यावर कळ आली तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी एक उंचवटा लागतो, करंगळीच्या रेषेत मागे, तिथे दुखलं तरी एक्स-रे. पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखलं तरीही. आणि दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे. लंगडत टाकली तरी ती पावलं धरतात. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी. शंका वाटली तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा, अंगठा आपला आहे, ओटावाच्या डॉक्टरचा नाही.

याउलट एक गोष्ट पाठ करून ठेवा. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘काही झालेलं नाही’ असा नसतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. आमच्या फ्लोअरवर हे वाक्य ऐकून किती जण दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर गेलेत, मला माहीत आहे.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं? आपल्याला शाळेपासून शिकवलंय: आराम, बर्फ, दाब, पाय उंच. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘राइस’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी 1978 साली आपल्या पुस्तकात दिलं. गंमत अशी की 2014 साली याच मिर्किन यांनी जाहीरपणे लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं उलट लांबू शकतं. कारण सूज हा शत्रू नाही, तो दुरुस्तीचा पहिला टप्पा आहे. स्वतःचंच गाजलेलं सूत्र छत्तीस वर्षांनी मागे घ्यायला हिंमत लागते. (आपल्याकडे ओरलमध्ये चुकीचं उत्तरही मागे घेववत नाही.) म्हणून बर्फ वाईट असं नाही. दुखणं कमी करायला तो चांगलाच. मेसच्या मामांकडून बर्फ घ्या, पंचात गुंडाळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, थेट कातडीवर लावू नका. पण बर्फाने लिगामेंट लवकर जुळतं असं समजू नका.

बाकी पाय छातीच्या वर राहील असा दोन उशांवर ठेवा, क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळा, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नको, चोळणं नको, दारू तर नकोच (कोणासाठी लिहिलंय ते त्यांना कळलं असेल). गरम पाण्याने आणि मालिशने तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि सूज चढते. आंबेहळदीचा लेप आजी लावते तसा हलक्या हाताने लावला तर लावा, पण रगडू नका. झटका देऊन ‘बसवायला’ मात्र कोणाच्याही हातात पाय देऊ नका. मुरगळलेल्या घोट्यात जागेवरून निसटलेलं असं काही नसतंच, मग बसवणार काय? उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ खाण्याचा उपाय ज्या घरात चालतो, त्याच घरातून मी आलोय, त्यामुळे मला हे बोलायचा अधिकार आहे.

पेनकिलर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि घेतल्यावर खेळू नका.

यानंतरचा भाग आपण सगळे टाळतो. सूज उतरली, चालता आलं, म्हणजे बरं झालं असं आपण धरतो. लिफ्टरच्या बाबतीत फिजिओ मॅडमनी पहिल्याच दिवशी त्याला एका पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. चांगल्या पायावर तो आरामात उभा राहिला. दुखऱ्या पायावर दुसऱ्या सेकंदाला भिंत धरली. तेव्हा दुखापतीला दोन महिने झाले होते आणि दुखत काहीच नव्हतं! लिगामेंट हा नुसता दोर नाही, त्यात सेन्सर असतात, पाऊल कोणत्या कोनात आहे ते मेंदूला कळवणारे. पट्टा फाटला की सेन्सरही बिघडतात. कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना सांगायला नको, फीडबॅक चुकीचा आला तर उत्तम मोटरसुद्धा वेडीवाकडी फिरते. म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. आधीची दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सगळ्यात मोठी खूण मानतात.

त्याचे व्यायाम हॉस्टेलमध्ये सहज होण्यासारखे होते. पहिल्या आठवड्यातच, दुखेल त्याच्या आत राहून, अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची. तो बाराखडी काढायचा, ‘ज्ञ’ला पाय पूर्ण फिरतो म्हणे. मग टॉवेल पायाच्या पंजाला अडकवून ओढायचा. मग दोन्ही पायांच्या टाचा उचलायच्या, नंतर एकाच पायाच्या, जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमू लागलं की डोळे मिटून, आणखी जमलं की दुमडलेल्या गादीवर. आमच्या विंगच्या बेसिनसमोर त्याला बगळा म्हणायचे. त्यानंतर सरळ धावणं, मग आठच्या आकड्यात धावणं, मग एका पायावर उड्या. दुखऱ्या पायावरची उडी चांगल्या पायाच्या उडीइतकी लांब जाते का, हे खडूने फरशीवर खुणा करून मोजायचं. जवळपास सारखी झाली, आणि उतरल्यावर पाय डगमगला नाही, तरच कोर्टवर. सुरुवातीचे काही महिने घोट्याचा ब्रेस किंवा टेपिंग, ज्यांचा आधी मुरगळलाय त्यांना याचा फायदा नक्की होतो. साध्या मुरगळीला हे सगळं काही आठवड्यांत होतं. त्याला सात महिने लागले, कारण एकाच आठवड्यात दोनदा झालं होतं आणि पहिले दोन महिने आम्ही आयोडेक्सवर काढले होते.

त्या सात महिन्यांत सगळ्यात जास्त हाल कशाचे झाले, माहीत आहे? तिसऱ्या मजल्यावरची रूम आणि भारतीय पद्धतीचं संडास. पायात प्लास्टर किंवा गुडघ्याला पट्टा असताना उकिडवं बसून दाखवा. रेक्टर सरांना अर्ज केल्यावर तळमजल्यावर कमोड असलेली रूम मिळाली, तीही लगेच. आम्हाला अर्ज करायचं सुचलंच नव्हतं तीन आठवडे.

घोट्यावर एवढं लिहिलं कारण तोच सर्वांचा होतो. बाकीचं थोडक्यात. धावता धावता अचानक थांबून वळताना गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा फुगला आणि नंतर चालताना तो निसटल्यासारखा वाटू लागला, तर गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट गेलेलं असू शकतं. कबड्डी आणि फुटबॉलवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. याला अस्थिरोगतज्ज्ञच हवा आणि बहुधा एमआरआय. ऑपरेशन झालं तर पुन्हा स्पर्धेत उतरायला साधारण नऊ महिन्यांच्या आत परवानगी देत नाहीत, घाई करणाऱ्यांचं पुन्हा तुटण्याचं प्रमाण फार वाढतं. बीडचा अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या स्टीपलचेसमध्ये पडला आणि त्याच्याही गुडघ्याचं एसीएलच गेलं. तेव्हा हे फक्त आळशी लोकांना होतं असं नाही.

क्रिकेटचा बॉल बोटाच्या टोकावर लागून टोक खाली लोंबायला लागलं, आणि स्वतःहून सरळ होत नसेल, तर ते ‘ओढून बसवायचं’ नाही. वरचा स्नायूबंध तुटलेला असतो. टोक सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे सलग लावावी लागते, मध्ये एकदाही वाकवायचं नाही, धुतानासुद्धा. खांदा निखळला तर मित्राने ओढायचा नाही, हात गळपट्टीत बांधून दवाखाना गाठायचा. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल तर पोलीस भरतीच्या तयारीतलं धावणं तिथेच थांबवा, हाडाला बारीक भेग पडत असू शकते. फटीग फेल्युअर म्हणतो ना आपण, अगदी तेच.

आणि डोक्याला मार. यात मस्करी नाही. डोकं आपटल्यावर गडी गोंधळला, तेच तेच विचारू लागला, चक्कर आली, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवायचं नाही, तो कितीही “मी ओके आहे” म्हणाला तरी. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, झोपेतून उठवणं अवघड झालं, तर लगेच हॉस्पिटल. त्या रात्री त्याला रूममध्ये एकटं ठेवू नका.

इथे कोणीतरी अनिल कुंबळेचं नाव काढणारच. 2002 साली अँटिग्वात जबडा मोडला असताना पट्टी बांधून 14 ओव्हर टाकल्या आणि लाराला पायचीत केलं. मला तो प्रसंग तितकाच आवडतो. पण कुंबळे जबड्याने बॉलिंग करत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी तो ऑपरेशनसाठी भारतात परतायला निघाला. नीरज चोप्राची गोष्ट कमी सांगितली जाते. मे 2019 मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली. जानेवारी 2020 मध्ये दक्षिण आफ्रिकेत परतला तो 87.86 मीटर फेकून ऑलिंपिकला पात्र होत, आणि 7 ऑगस्ट 2021 ला टोकियोत सुवर्ण. मधल्या आठ महिन्यांचे व्हिडिओ कोणी स्टेटसला ठेवत नाही.

आता हे होऊच नये म्हणून. वॉर्म-अप म्हणजे आपल्याकडे दोन वेळा हात फिरवणं आणि सेल्फी. फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम तयार करून घेतलाय. हलकं धावणं, प्लँक, एका पायावर तोल, उड्या मारून गुडघा आत न वळवता उतरणं, एवढंच. साहित्य काही लागत नाही. नॉर्वेत किशोरवयीन मुलींच्या फुटबॉल टीम्सवर तो वापरून पाहिला, त्याचे निष्कर्ष 2008 साली छापून आले: एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी. त्यात मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक व्यायाम आहे. गुडघ्यावर उभं राहायचं, मित्राने घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं, पडेपर्यंत. पहिल्या दिवशी सगळे धपकन पडतात. पण स्प्रिंटमध्ये मांडी धरून थांबणाऱ्यांचं प्रमाण याने जवळपास निम्म्यावर येतं.

माझ्या मते मात्र खरा गुन्हेगार वॉर्म-अप नाही, वेळापत्रक आहे. वर्षभर शून्य लोड आणि सहा दिवसांत अकरा मॅचेस, त्याही सबमिशनसाठी रात्री जागून. असं कुठलंही मशीन चालवलं तर मेंटेनन्सवाले आपल्याला हाकलून देतील. स्नायू दमले की ते सावरायला उशीर करतात आणि सगळा भार लिगामेंटवर येतो. बहुतेक दुखापती शेवटच्या दोन दिवसांत होतात असं मला वाटतं, आकडे माझ्याकडे नाहीत, दोन वर्षं कट्ट्यावर बसून बघितलंय एवढंच. म्हणून या वर्षी जिमखाना सेक्रेटरीला आम्ही तीन गोष्टी लेखी दिल्या. सामने महिन्याच्या शनिवार-रविवारी विभागून घ्या. एका गड्याला एका दिवसात एकच मोठा खेळ. आणि व्हॉलीबॉलला मधली रेषा ओलांडण्याचा फाऊल पंचांनी खरोखर द्या. पहिली मागणी फेटाळली गेली (“हॉल बुकिंगचं काय?”), दुसरीवर चर्चा चालू आहे, तिसरी मान्य झाली.

रेक्टर ऑफिसमध्ये आता एक निळा डबा आहे. त्यात चार क्रेप बँडेज, हात अडकवायची गळपट्टी, बोटाच्या दोन पट्ट्या, आणि झाकणावर ओटावाच्या नियमाचं चित्र, आमच्या लिफ्टरने काढलेलं. तो गेल्या महिन्यापासून पुन्हा खेळतो, ब्रेस लावून. पाऊस पडून मैदान ओलं झालं की मात्र तो स्वतःच बाहेर बसतो आणि स्कोअर लिहितो. परवा मी त्याला विचारलं, “चालतंय का?” तो उठला, डोळे मिटले, त्या पायावर उभा राहिला आणि म्हणाला, “मोज.” मी एकोणतीसपर्यंत मोजलं.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)